माईकवर वाचलेलं तिसरं नाव

मी विज्ञान शिकवतो. वीस वर्षं झाली. अंगात येणं, भानामती असलं काही वर्गात निघालं की मी मुलांना हसून गप्प करतो. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण भीतीमुळे नाही. लाज वाटते म्हणून.

आमचं गाव महागाव तालुक्यात. एकाहत्तरच्या लढाईवर इथल्या एकाच घरातले तीन सख्खे भाऊ गेले होते. दशरथ आणि भीमराव, या दोघांच्या मरणाच्या तारा आल्या. तिसरा सगळ्यांत धाकटा. त्याला घरात आणि गावात लाल्या म्हणत. त्याची तार आली नाही, आणि तोही आला नाही. तो पळाला, असं गाव म्हणायचं. खरं सांगतो, मीही ते कितीदा म्हटलंय.

दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीसमोर या भावांचा स्मृतिफलक बसवायचं ठरलं. समितीत मी होतो. बैठकीला त्यांची बहीण बेबीताई आली. आता साठीची आहे, लढाईच्या वेळी पाच-सहा वर्षांची. आईवडील लवकर गेले, चुलतीनं वाढवलं.

"मास्तर, तिघं गेलते. तीन नावं टाका," ती म्हणाली.

"तिसऱ्याचं नाव काय?"

"लाल्या."

"अहो, कागदावरचं नाव?"

ती गोंधळली. "मी लहान होतो नं... घरात लाल्याच म्हनत. बाबा आनखी कायतरी म्हनत, ध्यानात नाही येत. तो मामाच्या गावी शिकला, नेरकडे. तिथल्या शाळेत नाव असन. तुमी शाळेतले हायेत, थोडं पाहून द्या नं."

मी म्हणालो, "भावाचं नाव माहीत नाही, आणि दगडावर कोरा म्हणता?"

लोक हसले. वर मी "पाहू" म्हणालो, आणि पाहिलं नाही. एका फोनचं काम होतं.

पंधरा ऑगस्टला सकाळी दहाला फलकाचं अनावरण. स्टेजवर तालुक्याचे पाहुणे, समोर अख्खं गाव. सूत्रसंचालन माझ्याकडे. हातातल्या कागदावर माझ्याच अक्षरात दोन ओळी होत्या. मी वाचलं — शहीद दशरथ गोमाजी. शहीद भीमराव गोमाजी. आणि कागद मिटला.

पण लोक माझ्याकडे विचित्र बघत होते. बायकांमधून बेबीताई उठून उभी राहिली होती, हात तोंडावर.

"पुंजाराम! हौ वं माय... बाबा त्याले पुंजा म्हनत! लाल्याचं नाव घेतलं मास्तरनं!"

मला काही कळेना. सरपंच कानाशी येऊन म्हणाले, "सर, तिसरं नाव कायले घेतलं? फलकावर दोनच हायेत."

मी तिसरं नाव घेतलंच नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. पाहुण्यांच्या भुवया वर गेलेल्या दिसल्या. मी माईक तोंडाशी धरला — "क्षमस्व. वाचण्यात चूक झाली. नावं दोनच आहेत. तिसरं कुणी नाही."

बेबीताई पदर सावरून, खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत निघून गेली. कुणी थांबवलं नाही. मीही नाही.

घरी मुलीनं मोबाईलवरचं शूटिंग दाखवलं. आवाज माझाच, स्वच्छ, जराही न अडखळता — "शहीद पुंजाराम गोमाजी." ते मी निदान दहा वेळा ऐकलं असेल.

तीन आठवडे टाळलं. मग एका रविवारी मोटारसायकल काढली आणि नेरकडच्या त्या गावी गेलो. तिथे मी जन्मात पाऊल ठेवलेलं नव्हतं. मुख्याध्यापक ओळखीच्या ओळखीतले निघाले. लोखंडी पेटीतून जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं, पानं हाताला लागताच तुटत होती. चौथी पास — पुंजाराम गोमाजी. गावाच्या रकान्यात आमचं गाव.

पानाचा फोटो घेऊन बेबीताईकडे गेलो. ती अंगणात भाजी निवडत होती. तिनं मोबाईलकडे पाहिलंही नाही.

"मले कागद कायले दाखवता, मास्तर? मले तं तुमी मायकावरच सांगतलं."

"ताई, माझं चुकलं..."

"तवा घेतलं नाव, बरं केलं. मंग लगेच नाही काहून म्हनलं?"

तिनं चहा केला, मी प्यालो आणि उठलो.

फलकावर आजही दोनच नावं आहेत. मी अर्ज दिलाय. शाळेच्या दाखल्यावर भागत नाही, लष्कराचा कागद आणा म्हणतात. बैठकीत मीही कागदावरचंच मागितलं होतं.

जे मी कधी ऐकलं नाही, वाचलं नाही, ते नाव माझ्या तोंडून कसं निघालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर खाली लिहा. बेबीताईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला त्याच दिवशी माहीत होतं. स्टेजवरचे पाहुणे माझ्याकडे बघत होते, एवढंच.