खेळीमेळीच्या वातावरणात

उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या अंगाला असलेल्या एका गावात मी चार वर्षं ग्रामसेवक होतो. घर नांदेडला, बायको आणि मुलगी तिकडेच. मी उदगीरला खोली घेऊन राहायचो आणि मोटारसायकलवर गावात यायचो. गावातले लोक मला भाऊसाहेब म्हणायचे. दाखल्यासाठी मी कुणाला हेलपाटे मारायला लावत नसे. त्यामुळे आपण चांगले आहोत, असं माझं स्वतःबद्दल मत होतं.

स्वातंत्र्यदिनाची ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात भरली होती. पुरुष सतरंजीवर, आणि ज्या चारदोन बायका आल्या होत्या त्या कडेला, काढलेल्या चपलांपाशी. बायका सभेला फारशा येत नसतच. त्यांच्या सह्या नंतर शिपाई घरोघर जाऊन आणायचा, तसं सगळीकडेच चालतं म्हणून मीही चालवत होतो.

त्या दिवशी पिठाच्या गिरणीवाली बाई आली होती. चाळिशीची असेल. नवरा पुण्याला कंपनीत, गिरणी ती एकटीच चालवायची. मुलगी उदगीरला कॉलेजात होती. विषय संपत आले तशी ती उभी राहिली.

"आप्पा, मला बोलायचंय," ती म्हणाली. आप्पा म्हणजे आमचे सरपंच, सत्तरी ओलांडलेले. "फाट्यावरनं गावात येताना एक बी दिवा न्हाई. पोरी कॉलेजातून येतेत तवा अंधार पडतो. पुलावर पोरं बसतेत, काय बी बोलतेत. तिथं दिवा लावा."

मागून एक आवाज आला. ट्रॅक्टरवाला होता तो. गावातला गमत्या माणूस, कुठल्याही बैठकीत हशा पिकवणारा.

"वहिनी, अंधारात तुमाला कोण कोण भेटतंय, ते आधी सांगा की!"

मंडप हसला.

"मी पोरींचं बोलायलेय," ती म्हणाली.

"पोरींचं ऱ्हाऊ द्या. तुमी गिरणी उघडी ठेवा, आमी येतो दिवे घेऊन."

आता लोक मांड्यांवर थापा मारून हसायला लागले. आप्पांना ऐकू कमी यायचं. काय झालं म्हणून ते शेजारच्याला विचारत होते. आणि मी हसलो. ओठांतल्या ओठांत नाही, चांगला दात दाखवून हसलो. वाक्य चटकदार होतं, ऐकल्याबरोबर हसू आलं, एवढंच त्याचं कारण.

तिनं ट्रॅक्टरवाल्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून रजिस्टरात काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. वर पाहिलं तेव्हा ती चपला घालून निघाली होती.

आठ दिवसांनी ती पंचायतीत आली आणि सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मागितली. मी दिली. टेबलापाशी उभी राहून तिनं ती सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचली.

"यात माझं बोलणं कुटं हाय?"

"ठराव झाला नाही ना ताई. सगळंच लिहीत नसतात."

तिनं शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. "सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली." मग विचारलं, "खेळ कुणी केला भाऊसाहेब, अन् कुणाचा?"

प्रत्येक सभेच्या शेवटी मी तेच वाक्य लिहीत आलो होतो. मी म्हणालो, "मनावर घेऊ नका ताई. वहिनी म्हणून थट्टा केली त्यानं. तो माणूसच तसा आहे."

"तो कसा हाय ते मला ठाव हाय. पर तुमी सरकारी मानूस. तुमी नुस्तं गप बसा म्हणला असता तर बसले असते सगळे. तुमी हसला." नक्कल घडी करत ती पुढे म्हणाली, "आता पुलावरची पोरं माझ्या लेकीला इचारतेत, दिवे आणू का म्हणून."

ती गेली. मी फाईल उघडून बसलो आणि दिवसभर एकही कागद पुढे सरकला नाही.

सह्या गोळा करायला गेलेला शिपाई दोन दिवसांनी अर्धं रजिस्टर कोरं घेऊन आला. "गिरणीवाली सही देईना. म्हणली, मला बोलू दिलं न्हाई म्हंजी मी तिथं न्हवतेच. तिच्या गल्लीतल्या बायका बी न्हाई म्हणल्या." मी जुनी पानं उलटून पाहिली. तीन वर्षांत मी कागदावर किती बायकांना सभेत बसवलं होतं! त्यातल्या बहुतेकींचा आवाजसुद्धा मी ऐकला नव्हता.

पुढच्या सभेत नेहमीप्रमाणे मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. काय बोलायचं ते मी घोकून गेलो होतो. ती आली नव्हती. शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो.

"हे वाक्य खोटं आहे," मी म्हणालो. "दुरुस्त करायचंय. एक ताई दिव्याचा विषय मांडत होत्या. काही ग्रामस्थांनी त्यांच्यावर घाणेरडे शेरे मारले आणि त्यांना बोलू दिलं नाही."

ट्रॅक्टरवाला ताडकन उठला. "काही ग्रामस्थ म्हंजी मीच न्हव? मग तुमी बी दात काढून हसला की भाऊसाहेब! ते बी लिवा!"

घोकताना नेमकं तेवढंच मी गाळलं होतं.

"हसलो," मी म्हणालो. "लिहितो."

लिहिलं, आणि वाचूनही दाखवलं: 'ग्रामसेवक यांनीही हसून त्यास साथ दिली.' या खेपेला कुणी हसलं नाही. शेजारच्यानं आप्पांच्या कानात सगळं सांगितलं, तेव्हा ते सभेकडे वळले. मग म्हणाले, "आता बायकांना म्होरं बसवा. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मधी कुणी वंगाळ बोललं तर मी भाईर काढीन, अन् ह्यांनी त्याचं नाव लिवायचं." दिव्याचा ठराव झाला. चपलांजवळची एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "अन् सही न्यायला घरी येऊ नगा." तेही लिहिलं.

ट्रॅक्टरवाल्यानं तालुक्याला तक्रार केली. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "अहो, असलं कुणी इतिवृत्तात लिहितं का?" ते बोलणं मी ऐकून घेतलं.

दिवा लागला त्या आठवड्यात मी गिरणीवर माफी मागायला गेलो. गिरणी चालू होती. तिच्या घरघरीत मी पुटपुटलो. तिनं बटण दाबून गिरणी बंद केली आणि म्हणाली, "ऐकू आलं न्हाई." दळणासाठी थांबलेल्या पाचसहा बायकांसमोर मला ते पुन्हा, नीट म्हणावं लागलं.

"बरं," ती म्हणाली. "पर हे माझ्या लेकीला सांगाय पायजे. ती आता हितं न्हाई. निलंग्याला मामाकडं ठिवलंय शिकायला."

मला ते ठाऊक नव्हतं. पुढे ती सभेला यायला लागली, पहिल्या ओळीत बसून बोलायलाही लागली. माझ्याशी मात्र कामापुरतंच.

बदली होईपर्यंत मी बैठकांसाठी दोनदा निलंग्याला गेलो. मामाचं घर कोणत्या गल्लीत आहे, ते शिपायानं मला सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी बैठक संपल्यावर परस्पर परत आलो.