लॉन्ड्रीवाल्या ताईंचा संशय

लॉन्ड्रीवाल्या ताईंचा कोणावरच विश्वास नव्हता. नवऱ्याने आपणहून चहा करून दिला, तरी त्या आधी विचारत, "काय फोडलंत?" त्यामुळे धाकटा भाऊ युद्धात कामी आला आणि त्याला शौर्यपदक जाहीर झालं, तेव्हा त्यांनी पदक आणणाऱ्या साहेबांनाच ऐकवलं, "तुमची काहीतरी गफलत होतेय. आमचं ध्यान पाल दिसली की खाटेवर चढायचं."

चौकात भावाचा पुतळा उभा राहिला, रस्त्याला त्याचं नाव मिळालं, पण ताई ऐकेनात. शवपेटी बंदच आली होती, ती कोणी उघडून दाखवली नव्हती. पदक दुसऱ्याचं असेल, तर मेलेलाही दुसराच असेल आणि आपला भित्रा कुठेतरी जिवंत असेल, या आशेवर त्या दिवस ढकलत होत्या.

एकदा कुबडी टेकत एक माणूस दुकानात आला. म्हणाला, "तुमच्या भावाने मला गोळीबारातून पाठीवर आणलं."

"आणि घाबरला नाही?" ताईंनी डोळे बारीक केले.

"लटलट कापत होता हो. वाटभर रडला, वर मलाच शिव्या. म्हणे, रेड्या, लढायला आलायस की जेवायला? मला उतरवलं आणि दुसऱ्याला आणायला रडतरडतच परत गेला."

ताईंनी इस्त्री उभी केली. लहानपणी अंधारात परसातून सरपण आणायला धाडलं, की तो असाच रडायचा, त्यांना शिव्या घालायचा आणि जायचा.

"तोच तो," ताई म्हणाल्या. मग कपड्यांच्या ढिगाऱ्यावर बसून त्या पहिल्यांदाच भावासाठी रडल्या.