सुजय सरांचे बुडबुडे

हिंदी मुलखातल्या स्टील प्लांटच्या गावात, कॅम्प-१ वस्तीत आमच्या घराला लागूनच हिरालाल कापगत्यांचं घर. हिरालालकाका प्लांटच्या कोक ओव्हनमधून, म्हणजे कोळशाच्या भट्टीवरून, रिटायर झालेले, मूळचे साकोलीकडचे. त्यांचा मुलगा सुजय रसायनशास्त्रात एमएस्सी झाला, तेही फर्स्ट क्लास. तेव्हापासून त्या घरात कशालाच साधं नाव उरलं नाही.

"आई, याले लिंबू म्हणू नको. यात सायट्रिक आम्ल असते."

"आम्ल राहो का काही राहो," सिंधुताई म्हणायच्या, "सुपेल्याच्या बाजारातून चार घेऊन ये."

पुढे सुजय बी.एड.ला गेला आणि सरावपाठांसाठी त्याला कुरुदच्या एका शाळेतली आठवी मिळाली. पाठाच्या टाचणात 'पूर्वज्ञान' नावाचा एक रकाना असतो. मुलांना आधीपासून काय माहीत आहे, ते तिथे लिहायचं. बाकीचे छात्राध्यापक एकमेकांचं बघून 'विद्यार्थ्यांना पाण्याची सामान्य माहिती आहे' एवढं लिहून मोकळे व्हायचे. सुजयला ते पटेना. त्याने दहा प्रश्नांचा पेपरच काढला.

सातवा प्रश्न होता, उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांत काय असतं? बहुतेकांनी 'हवा' लिहिलं. आठ जणांनी 'भाप' लिहिलं, म्हणजे वाफ. सुजयने एकजात सगळ्यांवर लाल फुल्या मारल्या आणि फळ्यावर झोकात उत्तर लिहिलं: हायड्रोजन आणि ऑक्सिजन.

मोना नावाची मुलगी उभी राहिली. तिचं उत्तर होतं 'भाप'.

"सर, परसों आपने हाइड्रोजन को माचिस दिखाई थी, तो पट् से आवाज आई थी ना?"

"हाँ, तो?"

"तो मम्मी का चाय का भगोना रोज क्यों नहीं फटता?"

वर्ग खो खो हसला. "बहुत कम मात्रा में होती है. बैठो," सुजय म्हणाला. मोना बसली, पण तिला पटलेलं नव्हतं. खरं तर सुजयलाही नव्हतं.

संध्याकाळी त्याने गॅसवर पातेलं चढवलं. पाणी खळखळायला लागल्यावर पेटती काडी वर धरली. फुस्स. दुसरी धरली, तीही विझली. दहाव्या काडीला हिरालालकाका दारात येऊन उभे राहिले.

"काय करून राहिला बे?"

"बुडबुड्यात कोणता गॅस आहे ते पाहून राहिलो, बाबा."

"वाफ आहे. अजून काय राहीन?"

"तुमाले कसं मालूम?"

"वरून झाकण ठेव. थोड्या वेळानं काढून पाय."

सुजयने झाकण ठेवलं, काढलं. आतून पाणी टपटपत होतं.

"हायड्रोजन असता त झाकणाले पाणी आलं असतं का?" काकांनी विचारलं आणि टीव्हीसमोर जाऊन बसले.

सिंधुताईंनी काड्यापेटी हलवून पाहिली. "अख्खी माचीस खतम केली यानं! आता दिवा कायनं लावू मी?"

सुजयने पुस्तकं काढली. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. त्या प्रयोगाच्या चित्रातले बुडबुडे आणि चहाच्या पातेल्यातले बुडबुडे त्याच्या डोक्यात कधी एक झाले, कोण जाणे. एमएस्सीच्या कुठल्याच पेपरात हे कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे कुठे मार्कही कटले नव्हते. त्या रात्री जेवताना त्याने एकाही पदार्थातलं आम्ल काढलं नाही. कापगत्यांच्या घरात इतकं शांत जेवण कित्येक महिन्यांनी झालं, असं सिंधुताईंनी दुसऱ्या दिवशी माझ्या आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नेमक्या कॉलेजच्या मॅडम पाठ बघायला आल्या आणि वही उघडून शेवटच्या बाकावर बसल्या. सातवा प्रश्न गाळून पुढे जायची सोय होती. सुजयने घसा खाकरला.

"सातवें सवाल में गलती मेरी थी. मोना सही थी."

आठही पेपरांवरच्या फुल्या खोडून त्याने बरोबरच्या खुणा केल्या. तापायला लागलेल्या पाण्यातले पहिले बारीक बुडबुडे खरोखर हवेचेच असतात, म्हणून 'हवा' लिहिणाऱ्यांनाही अर्धा मार्क दिला.

"सर, फिर आपको कितने नंबर?" मोनाने विचारलं.

"दस में नौ."

"बाकी सवाल तो अभी किसी ने जाँचे नहीं, सर," मागून कोणीतरी म्हणालं. या वेळी सुजयही हसला.

पाठ संपल्यावर मॅडमनी त्याला व्हरांड्यात बोलावलं. तो मान खाली घालून गेला. वर्गात चूक कबूल केली म्हणून आता ऐकून घ्यावं लागणार, असं त्याला वाटलं. मॅडमनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

"सुजय, पक्का भाप ही होती है ना?"

"हाँ, मॅडम."

"हम्म," त्या म्हणाल्या आणि त्यांनी वहीतलं काहीतरी खोडलं. मग म्हणाल्या, हाच पेपर शनिवारी आपल्या कॉलेजात सगळ्या छात्राध्यापकांना दे, पण नाव लिहायला सांगू नकोस.

शनिवारी एकोणतीस जणांनी पेपर सोडवला. मॅडमनीही एक मागून घेतला आणि खिडकीपाशी बसून मन लावून लिहिला. एकोणीस पेपरांत सातव्या प्रश्नाला हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघाले. सुजयने या वेळी लाल पेन काढलं नाही, पेन्सिलीने बारीक खुणा केल्या. तपासताना एकाचंही अक्षर ओळखू आलं नाही, असं तो आम्हाला अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतो.