खोडके सरांकडे राहून गेलेली परीक्षा

खोडके सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांनाच भेटायला निघायच्या तयारीत होते. सोमवार होता, वेणी अर्धी झाली होती. पहाटे झोपेतच गेले म्हणे... महिना होत आला. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी भीतीच वाटली. आता मला कोण सांगणार? नागपूरला जाऊन नाटकाची पूर्ण वेळ पदवी घ्यायची, की इथंच घाटंजीत बी.ए. करून पुढं बी.एड.ला लागायचं?

सर आमच्या कॉलेजात मराठी शिकवायचे आणि नाटक बसवायचे. बारावीनंतर नाटकाच्या पदवीला जातो म्हणणाऱ्या प्रत्येकाची ते एक परीक्षा घेत. आठवडी बाजारात, कांद्याच्या ढिगांमध्ये उभं राहून एक उतारा म्हणायचा. ज्याचे पाय लटपटले त्याला म्हणायचे, जा. जो बेधडक म्हणून मोकळा झाला त्याला म्हणायचे, बी.ए. कर. "ज्याले भेव वाटत नाही, त्यानं समोरच्या माणसाकडे पाह्यलंच नाही," असं त्यांचं म्हणणं. सगळे हसायचे, पण सर हट्टी.

माझी पाळी आली. मी उतारा धडाधड म्हटला, वर टाळ्याही घेतल्या. सर म्हणाले, "सुमे, तू बी.ए. कर." मी इतकी चिडले की पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. शेवटी माझी मायच त्यांच्यावर उखडली. ती त्याच बाजारात लसूण-मिरची विकते.

"सर, थे पोरगी चार वर्साची होती तवापासून याच पालाखाली बसते. तिले बाजाराचं कायचं भेव?"

सर म्हणाले, "चुकलंच माह्यं. सोमवारी कॉलेजच्या हॉलमधी ये, सुमे. फक्त तू अन् मी."

फोन आला तो हाच सोमवार.

प्रवेशाच्या फॉर्मची मुदत संपायच्या आदल्या दिवशी शिपाईकाकांकडून किल्ली घेतली आणि रिकाम्या हॉलच्या स्टेजवर एकटी उभी राहिले. तालमीला सर शेवटच्या रांगेत, चपला काढून बसायचे. त्या खुर्चीकडे बघून सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला अडले. गुडघे थरथरायला लागले, मी तिथंच खाली बसले. सर म्हणायचे ती भीती हीच, की नुसतं त्यांचं नसणं... मला अजून कळत नाही. तरी फॉर्म नागपूरचा भरला.

"आता कायले भेऊन राह्यली?" मायनं विचारलं.

"चुकलं असन तं?"

माय तोच लसूण परत परत निवडत राहिली. तिलाही भीती वाटते, मला दिसतं.

आता तिथल्या प्रवेशपरीक्षेची तयारी म्हणून रोज हॉलमध्ये जाते. तालमीत आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही की सर बसल्या जागी हात वर करायचे, आम्ही मनातून चरफडत परत पहिल्यापासून म्हणायचो. काल मी पूर्ण उतारा म्हटला. हात वर झाला नाही. सगळ्यात जास्त भीती मला त्याचीच वाटली.