पालथा हात

ती कुणाच्याही गालाला हात लावायची तो पालथा. तळहात आत मिटलेला, आणि बोटांची वरची बाजू गालावरून एकदा हळूच खाली. लहान मूल असो, नवी नवरी असो, नाहीतर दहावी पास झाल्याचे पेढे वाटायला आलेला टोणगा असो. नवख्या माणसाला वाटायचं, बाई जरा शिष्टच दिसते, नीट हातसुद्धा लावत नाही. तुमच्याही माहितीत अशी माणसं असतील, ज्यांची एखादी लकब आधी खटकते आणि कारण कळलं की आपलीच आपल्याला लाज वाटते. तिचं कारण मी सांगते, पण त्याआधी थंडीचं सांगायला हवं.

गोव्यात कसली आलीय थंडी, असं बाहेरचे लोक म्हणतात. त्यांनी समुद्रावरचा गोवा पाहिलेला असतो. आमचं इब्रामपूर आत, पार महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेलं. डिसेंबर लागला की सकाळी शेतावर धुकं आणि उन्हं वर आली की घाटाकडून सुटणारा कोरडा वारा. तो अंगातला ओलावा चोरून नेतो. ओठ फुटतात, टाचा फुटतात, आणि कामाच्या माणसाचे हात तर विचारूच नका. मला हिवाळा कधीच आवडला नाही. ज्यांना गरम पाण्याची बादली आयती मिळते त्यांनी गुलाबी थंडीचं कौतुक करावं.

आमचा पसरो होता, म्हणजे किराणा दुकान. घरातली कामं उरकून मी तिथे बसायची. दुकानात बसणाऱ्याला गिऱ्हाइकांचे चेहरे कमी आणि हात जास्त दिसतात. तिचे हात मी पुष्कळ हिवाळे पाहिले. अंगठ्याच्या मुळाशी आडवी भेग, बोटांच्या पेरांवर उभ्या भेगा, आणि तळहातावर तर उन्हाळ्यात आटलेल्या तळीसारखं जाळं. काड्यापेटी उचलतानाही ती दोन बोटांची फक्त टोकं वापरायची. एखादी भेग उघडली की मीठ बांधून दिलेल्या कागदावर रक्ताचा ठिपका उमटायचा. ती तो पदराने पुसायची आणि म्हणायची, "फाल्यां बरे जातले." उद्या बरे होतील. हे तिचं रोजचं वाक्य, आणि उद्या कधी उजाडायचा नाही.

तिचं खरं काम बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. बाळंतपणं तोवर म्हापशाच्या इस्पितळात व्हायला लागली होती, पण घरी आल्यावर न्हाऊ घालायला तीच लागायची. पण त्यावर कुणाचं पोट भरत नाही. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच मुलगी. त्यामुळे बाळांची अंघोळ आटपली की दोन घरची भांडी राखेने घासायची, व्हाळावर कपडे आपटायचे, आणि हिवाळ्यात वाफ्यातली मिरची शिंपायची. सकाळी ज्या हातांनी बाळाची टाळू भरायची, ते हात दिवसभर राख, साबण आणि चिखल यांच्या हवाली. मग ते फुटणार नाहीत तर काय होणार?

माझी धाकटी पौषातली. आम्ही तिला बोलावलं तेव्हा ती न्हाणीच्या दारातच थांबली आणि दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले. "वयनी, हात असे आसात. हातान नाय, मनगटान न्हाणयतंय. चलात तुका?"

मला काही कळलं नाही, पण मी मान हलवली. ती पाटावर बसली, पाय पसरले, लेकीला पायांवर पालथी घेतली. नारळाचं तेल तिने बाहीच्या खाली, मनगटापासून कोपरापर्यंतच्या आतल्या बाजूला ओतलं. तिथली कातडी मात्र मऊ होती, कारण तिथवर राख पोचत नाही. आणि मग लाटणं फिरवावं तसा तो हात बाळाच्या पाठीवरून फिरायला लागला. तळहात दोन्ही वर, हवेत, जणू कुणी तिच्या हातात काही दिलंय आणि ते सांडू द्यायचं नाही. पाणी कोपराने बघायची. टाळू भरायची ती पालथ्या बोटाने. बाळाला उचलायची तीसुद्धा दोन्ही हात खालून सरकवून. सबंध थंडीत तिने माझ्या लेकीला तळहात म्हणून लागू दिला नाही. लेक एकदाही रडली नाही असं नाही, रडायची, पण ती डोक्यावरून पाणी घेताना.

ते दिवस गोवा राज्य झालं त्याच्या आगेमागेचे. मराठी की कोकणी, यावर आमच्या पडवीत रोज सकाळी पुरुषमाणसांची सभा भरायची. एकदा वाद फारच चढला. ती न्हाणीतून ओरडली, "भास मागीर ठरयात. भाणातलां ऊन पाणी सोंपता, एक कळशी हाडून दियात कोणतरी." माझे सासरे स्वतः उठून कळशी घेऊन गेले. त्या वादात एवढा एकच ठराव एकमताने झाला.

हातांवर तिने काय काय केलं नाही? आमच्याकडे कोकमाच्या बियांचं तेल मिळतं. थंड झालं की घट्ट होतं, त्याचे मुठीने वळलेले गोळे आम्ही दुकानात ठेवायचो. तो गोळा दिव्यावर धरून वितळलेला थेंब ती भेगेत सोडायची आणि दात आवळून श्वास आत ओढायची. रात्री हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून झोपायची. एकदा बेळगावकडची एक गवंडीकाम करणारी बाई तिला सांगून गेली की, आम्ही सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन भरतो. हिने भरलं. भेगा चिकटल्या खऱ्या, पण हाताला असा वास सुटला की ज्या घरी न्हाऊ घालायला गेली तिथल्या आजोबांनी सायकल कुणाची आणली म्हणून विचारलं. ते ऐकून मी हसले तर तीही हसली, आणि हसताना भेग परत उघडली.

शेवटी एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेली होती तेव्हा डॉक्टरला दाखवून आली. मी विचारलं, "दोतोर काय म्हणालो?"

"दोतोर बरो आसा. मलम दिलो. म्हणटा, पाण्यांत हात घालूं नाकात."

"मग?"

"मग काय? भांडी पायांन घासतलंय."

मलम मात्र तिने जपून वापरलं. नळी पार गुंडाळून गुंडाळून संपवली.

आता ते कारण. तिची मुलगी दिली होती डिचोलीकडे, सुर्ल्याला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती इब्रामपूरला आली, आणि मुलगी झाली ती नेमकी ऐन थंडीत. मावशीचं, आम्ही सगळे तिला मावशीच म्हणायचो, पाऊल जमिनीवर ठरेना. इतकी वर्षं लोकांची बाळं पायांवर घेतली, आता स्वतःची नात. तिने मिरचीला पाणी घालायला शेजारणीला सांगितलं, दोन घरची भांडी सोडली, रोज कोकमतेल. तरी हात बरे होईनात. मग नेहमीसारखं मनगटाने न्हाऊ घालणं सुरू.

बारशाच्या आदल्या दिवशी मुलीची सासू सुर्ल्याहून आली. मी खोबरं आणि गूळ पोचवायला त्यांच्याकडे गेले होते. सासूने बाळाला मांडीवर घेतलं, उजेडाकडे वळवलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. बाळाच्या गालावर एक बारीक तांबडी रेघ होती. नखाची म्हणावी तर नख नव्हतं, मांजराची म्हणावी तर घरात मांजर नव्हतं.

"हें कितें?" सासूने विचारलं.

मावशी हात पदराखाली घेऊ लागली. सासूने तिचा हात धरून उलटा केला, पाहिला आणि सोडून दिला. "हे हात घेऊन भुरग्याक न्हाणयतात? खोरीं बरीं यापरस."

बारसं झालं, आणि तिसऱ्या दिवशी मुलीला आणि बाळाला घेऊन सासू सुर्ल्याला गेली. महिना-दीड महिना राहायची ती मुलगी अशी मधूनच उठून गेली. तिकडे दुसरी बाई न्हाऊ घालायला ठेवली म्हणे. गालावरची रेघ तोवर मावळलीसुद्धा होती. मला त्या सासूचा आजही राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

त्या संध्याकाळी मावशी दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. मग म्हणाली, "एकदाच लायलंय गो. लोकांच्या भुरग्यांक कदीं लायलंय नाय. ही आपली म्हणान रवाक जाल्यां नाय. एकदाच तळहात फिरयलंय गालार."

मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार होते?

तेव्हापासून तिचा हात पालथा झाला. हिवाळ्यात असता तर समजलं असतं, पण भर मे महिन्यात, हात त्यातल्या त्यात बरे असतानाही ती कुणाला तळहात लावायची नाही. मी म्हटलं, "मावशे, आता बरे आसात ना?" तर म्हणायची, "हातांचो कसलो भरवसो?" न्हाऊ घालायची कामंही तिने हळूहळू सोडली. बोलवायला आलेल्यांना सांगायची, फाल्यां बरे जातले, मागीर येतंय. लोकांनीही मग बोलवायचं सोडलं. बाळांशिवाय तिचे दिवस कसे जात असतील, हे मी समोर बसून पाहत होते. दुकानात कुणी बाई मूल कडेवर घेऊन आली की ही आपले हात पदराखाली घ्यायची आणि मग मुलाकडे बघून हसायची; अगदीच राहवलं नाही तर पालथी बोटं गालावरून.

वर्षातून एक-दोनदा ती नातीला बघायला सुर्ल्याला जायची. म्हापशाला बस बदलायची, मग डिचोली, मग पुढे खाणीच्या ट्रकांच्या मागून. परत आली की हातांवरच्या भेगांत तांबडी धूळ भरलेली असायची, कुणी लाल शाईने नकाशा काढावा तशी. मी विचारायची, "नात कशी आसा?" ती म्हणायची, "वाढता. गाल तसेच आसात." हात लावलास का, असं मी विचारत नव्हते. तिला आयुष्यात आता एवढंच हवं होतं, की एकदा बऱ्या हाताने त्या गालाला हात लावावा. ते तिने मला कधी सांगितलं नाही, पण कोकमतेलाचा गोळा घेताना तिच्या तोंडावर ते स्पष्ट असायचं.

मग एका पावसाळ्यात विहिरीच्या शेवाळावरून ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून घरी आली ती खाटेवरच. मुलगी सुर्ल्याहून येऊन राहिली. तेव्हा सासूचं काही चाललं नाही, आणि नात नाताळच्या सुट्टीत आजीकडे आली. चांगली मोठी, शाळेत जाणारी पोर.

सवयीने मी थंडी सुरू झाल्यावर कोकमतेलाचा गोळा घेऊन गेले. दुपारची वेळ होती. मावशीने तो हातात घेतला आणि परत माझ्याकडे दिला. "आतां खंय लायतलंय? बग."

मी तिचे हात हातात घेतले. मऊ होते. भेगा मिटल्या होत्या, त्यांच्या जागी नुसत्या फिकट रेघा राहिल्या होत्या. पाच महिने त्या हातांनी राख पाहिली नव्हती की पाणी. त्या हातांसाठी मी इतके हिवाळे हळहळले, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला भीती वाटली.

"कामाचे रवले नाय, म्हणान बरे जाले," ती म्हणाली.

एवढ्यात नात पेजेची वाटी घेऊन आली. मावशीने हात पुढे केला, तो पालथाच. बोटं गालावरून खाली आली. मला काय झालं कोण जाणे. मी तिचं मनगट धरलं आणि हात सरळ करू लागले.

"नाका गो वयनी, तोंपतलो." पोरीला टोचेल याची तिला भीती.

"तोंपना. लाय."

ती हात ओढून घ्यायला बघत होती. त्या हातात जोर कुठला उरला होता? पोरीला आमची ही ओढाताण काही कळली नाही. तिने वाटी खाली ठेवली आणि स्वतःच वाकून गाल त्या तळहातावर टेकला.

"तोंपता?" मावशीने विचारलं.

"ना गो आजी. ऊन लागता."

मावशीने डोळे मिटले. हात तिथेच राहिला. चुलीकडे बसलेल्या मुलीने एकदा वळून पाहिलं आणि परत फुंकणी तोंडाला लावली. जाळ तर चांगला धडधडत होता.

माघात ती गेली. सकाळचा गारठा अजून होता. आम्ही शेजारच्या बायकांनी तिला शेवटचं न्हाऊ घातलं. त्या वर्षी माझेच हात फुटले होते, सून परगावी आणि घरची भांडी माझ्यावर. मी तेल मनगटाच्या आतल्या बाजूला ओतलं आणि तिच्या हातांवरून, खांद्यांवरून तसंच फिरवत गेले. एक म्हातारी म्हणाली, "असां कित्याक? तिका आतां काय तोंपता?"

मी मनगटावर आणखी तेल ओतलं. शेवटपर्यंत तिला तळहात लागू दिला नाही.