खळ्यावर सोडलेले किडे

"किडे? माझ्या खल्यान किडे सोडतस? थांब, तुनाच पुरतंय तिथं!"

मावशी ओरडल्या तेव्हा खाडीपलीकडच्या काल्हेरच्या कुत्र्यांनी भुंकून उत्तर दिलं. कुणाला ही अतिशयोक्ती वाटेल, पण मी कमीच सांगतेय, कारण त्यांनी दोनदा उत्तर दिलं. मावशींच्या हातात खराटा होता आणि माझ्या हातात बी.एस्सी.ची पदवी. त्या क्षणी दोघांत खराटाच जास्त शिकलेला दिसत होता. त्यांची बोली मी इथे बरीच मवाळ करून लिहितेय. मूळ शब्द दिले असते तर छापखान्यातले खिळे वितळले असते.

चूक माझीच होती. मासळी सुकवणाऱ्या बाईला 'किडे' हा शब्द ऐकवणं म्हणजे हलवायाला त्याच्या दुकानात 'झुरळ' ऐकवणं. वाळत्या जवल्यात, म्हणजे त्या बारीक कोळंबीत, एकदा किडा पडला की टोपलीच्या टोपली खाडीत परत जाते. आणि मी, डोंबिवलीहून रोज कोलशेतच्या कारखान्यात येणारी लॅबवाली, त्यांच्या दारात उभी राहून अभिमानाने म्हणालेले, "काळजी करू नका मावशी, तुमच्या खळ्यावर किडे सोडू."

झालं होतं असं. दिवाळी नुकतीच संपलेली. आमच्या रंगाच्या कारखान्याच्या जनरेटरसाठी डिझेलची पिंपं घेऊन टेम्पो येत होता. समोर म्हैस आली म्हणून तो वळला आणि थेट मावशींच्या खळ्यावर आडवा झाला. दोन पिंपं फुटली. म्हैस वाचली, टेम्पो वाचला, ड्रायव्हर तर इतका वाचला की पुन्हा कोलशेतला दिसलाच नाही. मेलं ते खळं. चोपून चोपून घट्ट केलेली, शेणाने सारवलेली ती जमीन इतकी गुळगुळीत होती, की मुंगीसुद्धा घसरत असे. तिच्यावर मावशी जवला वाळवायच्या. त्यांच्या सासूनेही तिथेच वाळवलेला.

आता तिथून डिझेलचा वास येत होता. ठाण्याच्या बाजारातलं गिऱ्हाईक जवल्याची मूठ आधी नाकाशी नेतं, मग भाव विचारतं. होळीनंतर ऊन तापलं की मावशी पावसाळ्यात विकायचा सगळा जवला वाळवून भरून ठेवायच्या, आणि त्यावर त्यांचं घर चालायचं. होळीपर्यंत खळं परत मिळालं नाही तर त्यांचं वर्ष बुडालं.

कारखान्याचे साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "मावशी, वर छान सिमेंटचा कोबा घालून देतो."

"कोबा घाल तुज्या डोक्यावर," मावशी म्हणाल्या. "ऊन तापला की वास कोब्यातून वर येल. मंग माझा जवला कोन घेल? तू घेशील?"

साहेब शाकाहारी होते. ते तसेच केबिनमध्ये परतले, मी मागोमाग. आणि तिथे मला राहवलं नाही.

"साहेब, तेल खाणारे जंतू असतात," मी म्हटलं. "मातीत सोडायचे, खत-पाणी द्यायचं, ते तेल खाऊन टाकतात."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के."

आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. तेल खाणाऱ्या जंतूंवर कॉलेजात एक तास झालेला, आणि परीक्षेत त्यावर आलेला प्रश्न मी ऑप्शनला टाकलेला. पण साहेबांच्या केबिनमध्ये मी असं बोलले, जणू ते जंतू आमच्या घरी पाहुणे म्हणून येऊन गेलेत.

तर, खराटा. मी दोन पावलं मागे सरकून समजावलं, "मावशी, हे तसले किडे नाहीत. हे इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत."

"दिसत नाय? मंजे आनखी वाईट! दिसनारे मी येचून तरी टाकतंय!"

शेवटी कोब्यापेक्षा किडे बरे, एवढ्यावर त्या आल्या. अट एकच. "होलीपरत मुदत देतंय तुना. तवाबी वास आला तर तुना होलीन टाकीन, आनि वर नारल फोडीन."

मी लगेच कामाला लागले. ठाण्यात खोपटला एस.टी. डेपोच्या मागच्या बाजूला एक गॅरेज होतं. तिथली जमीन इंजिनाचं तेल पिऊन काळी झालेली. तेल जिथे वर्षानुवर्षं सांडतं तिथल्या मातीत ते खाणारे तयार झालेले असतात, एवढं मला ऑप्शनला टाकण्याआधीचं आठवत होतं. मी दोन गोणी माती मागितली, तेव्हा मेकॅनिकने पाना खाली ठेवला. "मॅडम, लोक इथे गाड्या घेऊन येतात. तुम्ही जमीनच न्यायला आलात?"

ती माती रिक्षाने कोलशेतला आणली. खळं वीतभर खणलं, ढेकळं फोडली, त्यात खोपटची माती, भाताचा पेंढा आणि थोडा युरिया मिसळला. नुसतं तेल खाऊन जंतूंचं पोट भरत नाही, त्यांना नत्र लागतं आणि हवाही लागते. म्हणून दर चार दिवसांनी कुदळीने वरची माती खाली करायची आणि पाणी शिंपडायचं. मावशी ओट्यावर बसून बघायच्या. सासूच्या हातचं खळं शेतासारखं उकरलेलं पाहून त्यांच्या तोंडून जे निघायचं, त्याने पेंढा आपोआप कुजला असता.

तपासणीची माझी पद्धत साधी होती. मूठभर माती काचेच्या बरणीत पाण्याबरोबर हलवायची. वर इंद्रधनुष्यासारखा तवंग आला की तेल शिल्लक आहे. पहिले काही दिवस तवंग जरा कमी झाला, आणि मग अडला तो अडलाच. साहेब येता-जाता विचारायचे, "काय, आज जेवले का तुमचे पाहुणे?" मी म्हणायची, "जेवतायत साहेब, पण चवीने." आतून मात्र मी पार हबकलेली. होळी काही माझ्यासाठी पुढे ढकलली जाणार नव्हती.

संक्रांतीनंतर एका सकाळी खळ्यावर ऊन पडलेलं आणि माती चमकत होती. जवळ जाऊन पाहिलं तर पांढरे खडे. मी चिमूटभर जिभेवर ठेवले. डिझेलमध्ये कालवलेलं मीठ मी त्या दिवशी चाखलं, आणि पुढे आठ दिवस माझ्यासमोर कुणी काडी पेटवायला धजलं नाही.

"मावशी! यात मीठ कुणी टाकलं?"

"मीच," त्या शांतपणे म्हणाल्या. "दर आयतवारी चार टोपल्या. तुजे किडे उद्या माझ्या जवल्यान शिरले तर? किड्याला मीठच लागतं. आमी काय आज मासली सुकवतोय?"

मावशींनी काही वैर केलं नव्हतं. किड्याचं नाव काढल्यावर त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे करत आले तेच त्यांनी केलं होतं, आणि फार मन लावून केलं होतं. माझे खोपटचे जंतू लोणच्यातल्या कैरीसारखे मुरून पडलेले.

"तुमच्या मिठाने मारले त्यांना!" मी जवळजवळ रडलेच.

मावशींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ठान्याचे किडे आनलेस, गोड्या पान्याचे. मिठान मरनारच. खाडीचे आनले असतेस तर मिठाला हसले असते."

हा टोमणा होता. डोंबिवलीच्या नळाचं पाणी पिऊन वाढलेल्या पोरीला खाडीकाठच्या बाईने मारलेला. पण तो माझ्या डोक्यात शिरला आणि तिथून थेट पायात उतरला. मी धावतच बंदरावर गेले. मावशींच्या घरची होडी जिथे लागायची, तिथे तिच्या मशीनमधून वर्षानुवर्षं डिझेल ठिबकत आलेलं. मी खाली वाकून चिखल हातात घेतला. खारा, काळा, चिकट, आणि नाकाशी नेला तर त्याला फक्त खाडीचा वास. इतकं डिझेल जायचं कुठे? कुणीतरी ते खात होतं, आणि मिठासकट खात होतं.

त्या संध्याकाळच्या आत सहा घमेली चिखल खळ्यावर आला. मावशींनी स्वतः डोक्यावरून आणला, कारण मी पहिल्याच घमेल्याला गुडघ्यापर्यंत रुतले आणि मला काढायला दोघं लागले. साहेबांना दिलेल्या रिपोर्टात मी लिहिलं, 'सखोल निरीक्षणांती खाडीतील क्षारप्रिय जंतूंची निवड करण्यात आली.' टोमण्याचा उल्लेख करायला जागा उरली नाही.

यावेळी शिंपडायलाही खाडीचंच पाणी घेतलं, आणि कुदळ मावशींनी माझ्या हातातून काढून घेतली. "तू हलवतस ती पोहे परततस तशी," म्हणाल्या. त्यांनी एकदा माती फिरवली की खालची वर आणि वरची पाताळात. बरणीतला तवंग दर आठवड्याला आक्रसू लागला. आधी रुपयाएवढा, मग चवलीएवढा, मग नुसती कडेला एक रेघ. डिझेलचा बराच भाग ऊन आणि वाराच उडवून नेतात, हे मला ठाऊक होतं. पण ऊन-वाऱ्याला कुणी पगार देत नव्हतं, म्हणून ते श्रेयही मी जंतूंच्या आणि माझ्या नावावर ठेवलं.

होळीच्या तोंडावर एका सकाळी बरणीत तवंग आलाच नाही. मी तीनदा हलवली. मावशींनी बरणीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी नवी माती आणली, खळं पुन्हा चोपलं, सारवलं, आणि कोपऱ्यात चार मुठी ओला जवला पसरला. दोन दिवस त्याला ऊन खाऊ दिलं.

तिसऱ्या दुपारी साहेब आले, मी आले, अर्धी आळी आली. मी खळ्याच्या मधोमध फतकल मारून बसले आणि व्याख्यान सुरू केलं. खाडीचे जंतू, नत्र, प्राणवायू, मानवजातीचं भविष्य. मावशींनी मूठभर वाळका जवला उचलला आणि नाकाशी नेला. खूप वेळ तसाच धरला. मग तोंडात टाकला आणि सावकाश चावला. माझं व्याख्यान तिथेच बंद पडलं. साहेबसुद्धा पुढे वाकले, आणि ते तर शाकाहारी.

"मावशी, बोला ना काहीतरी! किड्यांनी तेल खाल्लं की नाही?"

"खाल्ला," त्या म्हणाल्या. "आता उठ तिथून. जवला घालाचाय."