तीन बोटं जाड दार

माझा उजवा हात गेल्या वर्षी खांद्यात अडला. वर जातच नाही. डॉक्टरने तेल दिलं, व्यायाम सांगितला. तेल संपलं, हात तिथेच. भाकरी थापणं, झाडणं, निंदण, सगळं त्याच हाताने होत होतं. होत नव्हती फक्त घराच्या दाराची कडी.

कारण कडी दाराच्या डोक्यावर, आणि तिथे साखळी धरून कुलूप घालायला दोन्ही हात लागतात. दोन फळ्यांचं सागवानी दार, डाव्या फळीच्या वरच्या टोकाला लोखंडी साखळी, आणि ती अडकवायचा कोयंडा चौकटीच्या गणेशपट्टीत. लोक सांगतात, लेकरांचा हात पुरू नये म्हणून जुनी माणसं कडी वर ठेवत. आमच्याकडे ती वर होती कारण सासू उंच होती. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी टाचा उचलून ती कडी लावली. सासू गेल्यावरही ती खाली आणावी असं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही, हे आधीच सांगून टाकते.

हात अडल्यापासून बाहेर जायचं तर शेजारी राहणाऱ्या जावेला हाक मारावी लागे. ती येई, कडी लावी, कुलूप घाली आणि विचारी, "कुठी चालली? कायले? कवा येशीन?" इतकी चौकशी पोलीसही फुकट करत नाहीत.

हे मी फोनवर मुलाला सांगितलं, ही माझी पहिली चूक. तो पुण्याला असतो. त्याला निमित्तच पाहिजे होतं.

"आई, तुले सोताच्या घराचं दार लावता येत नाही, तू एकटी कशी राह्यशीन? मी नवीन हँडल-कुलपाचा सेट पाठवतो. तो बसला अन् तुह्या हातानं दार लागलं, तर राह्य. नाही तर दसऱ्याले गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेवजो."

पुण्याचं त्याचं घर मी पाहिलं आहे. चौथा मजला. तिथलं दार आपलं आपणच लागतं. मागच्या खेपेला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले आणि मागे खटकन आवाज झाला. सून कामावरून येईपर्यंत मी जिन्यात बसून होते, अनवाणी. समोरच्या बाईने दोनदा दार किलकिलं करून पाहिलं आणि दोनदा लावून घेतलं. अशा ठिकाणी उरलेले दिवस काढण्यापेक्षा मी आपल्या ओसरीवर उघड्या दारात झोपेन.

मुलाने विचारलं, "दार जाड किती हाय?"

आमच्या घरात टेप कधी नव्हता. कापड हाताने मोजायचं, भिंत वितीने, लाकूड बोटांनी. मी दाराच्या कडेला बोटं लावली आणि सांगितलं, "तीन बोटं."

त्याने तिकडे आपली तीन बोटं पट्टीवर ठेवली आणि तेवढं माप दुकानदाराला कळवलं. मोठा इंजिनिअर! माझी बोटं आयुष्यभर विळ्यावर आणि मुसळावर जाड झालेली. त्याची बोटं फोनवर फिरून भेंडीसारखी राहिलेली. माझ्या तीन बोटांत त्याची साडेचार मावतात. पण बोट ते बोट, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

सेटचा खोका मालेगावपर्यंत आला. तिथून गावातला सुतार घेऊन आला. त्याचा बाप बैलगाड्या करायचा. हा स्वतःला फर्निचरवाला म्हणवतो आणि मशीनशिवाय कशाला हात लावत नाही. आल्या आल्या त्याने जुनी साखळी आणि कोयंडा उपटून आपल्या थैलीत टाकला. मग मशीन लावून डाव्या फळीत माझ्या कमरेएवढ्या उंचीवर आरपार भोक पाडलं. आणि मग त्याने खोका उघडला. हा क्रम त्याला कोणी शिकवला देव जाणे. बापाने नक्कीच नाही.

दोन्हीकडच्या मुठी जोडणारी चौकोनी सळई त्याने भोकात घातली. ती दाराच्या मध्यावरच संपली. त्याने उलटी घातली. सळई उलटी घातल्याने लांब होत नाही, हे त्याला तिसऱ्या वेळी पटलं.

"काकू, दार जाड हाय."

"दार मह्या सासऱ्याच्या वेळचं हाय. ते आज जाड झालं काय?"

"तासून घेऊ. एक बोटभर उतरवलं का बसते."

"कोणाचं बोट?" मी विचारलं. "अन् बांगडी चढत नाही म्हणून कासार बाईचा हात तासते काय रे?"

तो म्हणाला, मग लांब सळई मागवावी लागेल, आणि थैली उचलून निघाला. मी ओसरीच्या पायरीवर आडवी उभी राहिले. "मही साखळी काढ."

"भंगार हाय ते, काकू."

"भंगार त भंगार. काढ."

त्याने दिली. तेवढ्यात जाऊ आली. तिने आधी वाकून भोकाला डोळा लावला. "बरं झालं वो बाई. आता तुह्या चुलीवर काय शिजून राह्यलं ते पाह्याले आत यायचं काम नाही." मग म्हणाली, "दसऱ्याले कोणती साडी नेशीन पुण्याले?"

मी त्या भोकाकडे पाहत होते. फर्निचरवाल्याने एक काम मात्र बरोबर केलं होतं. भोक माझ्या हाताला येत होतं. खांदा न उचलता.

मी त्याला परत बोलावलं. "या भोकात साखळी बसव. दोन्हीकडून लोखंडाची चकती लाव, म्हणजे सरकणार नाही. अन् उजव्या फळीवर समोरासमोर कोयंडा ठोक."

"कमरेवर कडी? कसं दिसन, काकू?"

"तुले दिसाले नाही, मले लावाले पाह्यजे."

अर्ध्या तासात झालं. मी दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं, काढलं, परत लावलं. जाऊ पाहत होती. "वर होती तेच बरं दिसे," ती म्हणाली. तीही उंच आहे.

मुलाला मी काही कळवलं नाही. फोनवर "सेट बसला काय?" विचारलं की "ये अन् पाह्य" म्हणायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो गाडी घेऊन आला. मी दाराला कुलूप घालून गिरणीवर गेले होते. पिठाचा डबा काखेत घेऊन परतले तर हा दाराशी उभा, हात वर करून गणेशपट्टी चाचपडतोय. लहानपणापासूनची सवय. तिथे आता नुसती कोयंड्याची जुनी भोकं. जाऊ तिच्या ओट्यावर बसून हसत होती, पण सांगत नव्हती.

"आई, कडी कुठी गेली?"

"खाली पाह्य."

मी त्याच्या हातात किल्ली दिली. तो कमरेत वाकला, कुलूप काढलं, कडी काढली. मग त्याने एकदा त्या कडीकडे आणि एकदा माझ्या खांद्याकडे पाहिलं.

"सेट कुठी हाय मंग?"

"खोक्यात. जाताना घेऊन जा. तुह्या दाराले बसन तो."

चहा पिताना सामान बांधायचा विषय त्याने काढला नाही. दुसऱ्या दिवशी सोनं वाटायला आम्ही दोघं बाहेर पडलो, तेव्हा कडी लावायला त्याने हात पुढे केला. मी त्याचा हात बाजूला सारला.